ईटचं स्पेलिंग

परंड्यात मी चोवीस वर्षं टायपिंग शिकवलं. बसस्टँडच्या मागं एका दुकानाच्या माडीवर माझी इन्स्टिट्यूट होती. अकरा मशिनं, त्यातली नऊ चालू. मुलांनी कीबोर्डकडं बघू नये म्हणून मी अक्षरांवर जुन्या परकराचं कापड टाकायची आणि त्याखाली त्यांना हात घालायला लावायची. पुढं परीक्षा कॉम्प्युटरवर व्हायला लागल्या. माझ्याकडं कॉम्प्युटर घेण्याची ताकद नव्हती. वर्ग रिकामा झाला, मशिनं भंगारात गेली आणि सत्तेचाळिसाव्या वर्षी मी एका साखर कारखान्यात शेतकी खात्याची ऑपरेटर म्हणून लागले. कारखान्याचं नाव सांगत नाही, कारण पुढं जी चूक सांगणार आहे ती माझी आहे, कारखान्याची नाही.

मुलाखतीत शेतकी अधिकारी मोहितेसाहेबांनी विचारलं, "कॉम्प्युटर येतो का?"

मी म्हणाले, "बोटं येतात. बाकीचं शिकेन."

ते हसले आणि मला घेतलं.

शेतकी खात्याचं काम बाहेरच्या माणसाला थोडक्यात सांगते. शेतकरी ऊस लावतो, तेव्हा कारखान्यात त्याची नोंद होते. नाव, गाव, गट नंबर, जात आणि लागणीची तारीख. जात म्हणजे उसाची हो. त्या तारखेच्या क्रमानं हंगामात तोडणीचा प्रोग्राम लागतो. ज्याचा नंबर येईल त्याच्या नावाची चिठ्ठी निघते, ती घेऊन तोडणीची टोळी त्याच्या फडात उतरते. पाळी चुकली की टोळी पुढच्या गावाला जाते आणि पुन्हा कधी फिरकेल त्याचा भरवसा नाही. तोवर उभ्या उसाला तुरा येतो, पाचट वाळतं, वजन घटतं. वर्षभराची मेहनत त्या एका चिठ्ठीला टांगलेली असते.

ह्या सगळ्या नोंदी एका जुन्या सर्व्हरवर होत्या. काळा पडदा, त्यावर हिरवी अक्षरं, सगळी इंग्रजी कॅपिटल. एका शेतकऱ्याच्या एका प्लॉटची एक ओळ. माउस नाही, चित्रं नाहीत. त्या ओळी दुरुस्त करायच्या तर व्हीआय नावाचा एक एडिटर वापरायचा. आधीच्या ऑपरेटरनं मला फाईल उघडून दिली, "शुभेच्छा, बाई" म्हणाला आणि पुण्याला गेला.

पहिल्या दिवशी एक नवी नोंद घ्यायची होती. आडनाव जाधव. पडद्यावर एक चौकोनी ठिपका लुकलुकत होता. मला वाटलं, कागद लावलेलाच आहे. मी कॅप्स लॉक दाबला आणि न बघता सर्रकन जाधव टाईप केलं. वर बघितलं तर नवी ओळ कुठंच नाही. उलट समोरच्या दोन ओळी एक झालेल्या आणि त्यांच्या शेवटी नुसतं 'धाव' चिकटलेलं. दोन शेतकऱ्यांची जमीन मी तलाठ्याशिवाय एकत्र केली होती. घाबरून आणखी चार कळा दाबल्या. मशीन प्रत्येक कळेला ओरडायला लागलं.

आवाज ऐकून पलीकडच्या खोलीतून मल्लिनाथअण्णा आले. कारखान्याचं सगळं कॉम्प्युटरचं काम ते बघायचे. गाव उमरग्याच्या पलीकडं, घरी कानडी, आमच्याशी मराठी. कपाळावर भस्म, खिशाला दोन पेनं. त्यांनी मला उठवलं नाही. बाजूला उभं राहून म्हणाले, "बाई, एस्केप दाबा."

मी दाबलं. ओरडणं थांबलं.

"कॅप्स लॉक काढा. आता यू. पुन्हा एकदा यू."

धाव गेलं. दोन्ही ओळी परत वेगळ्या झाल्या.

"काय झालं होतं अण्णा?"

"तुम्ही लिहीत होता, त्ये हुकूम समजत होतं. ह्याच्यात दोन येळा असतात. एक हुकमाची, एक लिहायची. उघडलं की हुकमाची येळ चालू असते. तुम्ही जाधवचा मोठा 'जे' दाबला, म्हणजे ह्या ओळीला खालची ओळ जोड असा हुकूम झाला. मग ए दाबलं, म्हणजे ओळीच्या शेवटी जाऊन लिहायला लाग. मग त्यानं बिचाऱ्यानं पुढचं धाव लिहून घेतलं. त्याची काय चूक? लिहायचं असंल तर आधी आय दाबायचं, लिहून झालं की एस्केप. कुठं आहे त्ये कळंना, तरी एस्केप."

चोवीस वर्षं मी मुलांना सांगत आले की कळ दाबली की अक्षर उमटतं. त्या दिवशी मला कळलं की कळ दाबण्याआधी मी आत्ता काय करतेय हे ठाऊक पाहिजे. दुपारचा डबा खाताना मला रडूच आलं. वाटलं, हे आपल्याच्यानं होणार नाही. पोळी तशीच ठेवून परत आले आणि अण्णांकडून एका पाठकोऱ्या कागदावर दहा हुकूम लिहून घेतले.

पंधरा दिवसांत जाधव, गायकवाड, शिंदे जागच्या जागी बसायला लागले. महिनाभरानं एक गंमत लक्षात आली. ह्या एडिटरमध्ये खाली जायला लहान जे, वर जायला के, उजवीकडं जायला एल. टायपिंग शिकलेल्या माणसाची उजव्या हाताची बोटं त्याच कळांवर ठेवलेली असतात. म्हणजे हात उचलायचाच नाही. शेजारच्या हिशेब खात्यातल्या पोरी दर मिनिटाला माउस शोधत हात हलवायच्या आणि मी कळांच्या मधल्या ओळीवरून न हलता गावंच्या गावं फिरून यायची. डीडी दाबलं की ओळ उचलली जायची, दुसरीकडं जाऊन पी दाबलं की तिथं बसायची. नुसतं टिंब दाबलं की मघाचंच काम पुन्हा व्हायचं. हे टिंब मला फार आवडलं. एवढ्या छोट्या कळेत एवढी समज! ज्यानं हे बनवलं तो माणूस नक्कीच टायपिंगच्या क्लासला गेलेला असणार, असं मी अण्णांना म्हणाले. ते खूश झाले की कानडीत होकार द्यायचे. "हौद हौद," म्हणाले.

माझं टेबल खिडकीशी होतं, त्यामुळं माणसं माझ्याशीच बोलायची. परंड्याजवळच्या एका वस्तीवरचे अमृततात्या दर आठवड्याला यायचे. काही काम नसायचं. काठी भिंतीला लावून म्हणायचे, "बाई, माझं नाव दाव." मी तिरकी रेघ मारून नाव टाईप केलं की कर्सर थेट त्यांच्या ओळीवर जाऊन थांबायचा. त्यांना इंग्रजी वाचता येत नव्हतं. पण ते खिडकीतून वाकून हिरव्या अक्षरांकडं बघायचे आणि म्हणायचे, "हाय न्हवं? ऱ्हाऊ दे मग." आणि जायचे.

दुसऱ्या हंगामापर्यंत माझ्या अंगात थोडी मिजास आली होती. खोटं कशाला सांगू. मोहितेसाहेब कुणी आलं की, "आमच्या बाई बघा, माउस न धरता," असं दाखवायचे आणि मी उगाच जास्तच वेगानं बोटं चालवायची.

त्याच वर्षी ईटची भानगड निघाली. भूम तालुक्यातलं हे मोठं गाव. आधीच्या ऑपरेटरनं अर्ध्या नोंदींत गावाचं नाव ई-ई-टी असं लिहिलं होतं आणि अर्ध्यांत आय-टी. मशीनला ती दोन वेगळी गावं वाटायची. त्यामुळं एकाच शिवारात दोन टोळ्या, दोन प्रोग्राम आणि रोजची भांडणं. साहेब म्हणाले, "बाई, सगळीकडं ई-ई-टी करा."

दोनच दिवसांपूर्वी अण्णांनी मला एक हुकूम शिकवला होता. एक शब्द सांगायचा, त्याच्या जागी दुसरा सांगायचा, की अख्ख्या फाईलभर तो बदलतो. "ह्याच्या पुढचं थोडं राहिलंय, त्ये आल्यावर सांगतो," म्हणून ते नातीच्या बारशाला नळदुर्गला गेले होते. मी थांबले नाही. आय-टीच्या जागी ई-ई-टी, सगळीकडं, एंटर. डोळ्याचं पातं लवायच्या आत झालं. खालच्या ओळीत बदलांचा आकडा आला. ईटच्या नोंदींपेक्षा तो कितीतरी मोठा होता. मला तिथंच शंका यायला पाहिजे होती. उलट मला वाटलं, बाई गं, केवढं काम केलं! फाईल सेव्ह केली, बंद केली, साहेबांना "झालं" म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवसाच्या चिठ्ठ्या त्याच फाईलवरून निघाल्या.

दोन दिवसांनी सकाळी खिडकीशी एक बाई येऊन उभी राहिली. पस्तिशीची असेल. हातात प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेलं नोंदीचं कार्ड.

"बाई, म्या ईटची. माझं नाव सविता. ह्या चिठ्ठीवर सवीता कोण हाय?"

मी चिठ्ठी हातात घेतली. सविताच्या मधल्या आय-टीच्या जागी ई-ई-टी. तिच्या कार्डावर नीट, चिठ्ठीवर चुकीचं. 

ती सांगायला लागली. वडिलांनी मरायच्या आधी वाटणीत दीड एकर तिच्या नावावर केलं होतं. भावाला ते पटलं नव्हतं. दोन वर्षं दोघांचं बोलणं नव्हतं. तिनं पहिल्यांदाच स्वतःच्या नावानं ऊस लावला होता. आदल्या दिवशी टोळी आली, मुकादमानं चिठ्ठी काढली, सोबतच्या शेतकी मदतनिसानं कार्डाशी ताडून बघितलं आणि स्पेलिंग जुळेना. तेवढ्यात बांधावरून भाऊ म्हणाला, "सवीता नावाचं कुणी आमच्यात न्हाय. आधी माझा ऊस तोडा."

"मग?"

तिच्या तोंडावर हसू आलं, पण डोळे भरलेलेच. "मग मुकादमानं त्याची चिठ्ठी काढली. त्याच्यावर बी अजितच्या जागी अजीत! मदतनीस म्हणला, मग ह्यो अजीत कोण? दोघं जावा कारखान्यात आन् नाव दुरुस्त करून आणा. टोळी परवा पुढच्या गावाला जाणार हाय, बाई."

मी खिडकीतून बाहेर बघितलं. व्हरांड्यातल्या बाकाच्या टोकाला एक माणूस गुडघ्यावर चिठ्ठी धरून बसला होता. तोच अजित. ती बसनं आली होती, तो मोटारसायकलवर. एकाच कामाला, एकाच बाकावर, दोन टोकांना.

मी फाईल उघडली. प्रत्येक ओळीत माझा पराक्रम दिसत होता. सुमित्रा, ललिता, रोहित, नितीन, सगळ्यांचं स्पेलिंग फिरलेलं. विठ्ठलाच्या नावातही आय-टी येतं. आमच्या भागात घरटी एक विठ्ठल. त्या सगळ्यांचं मी 'वीट्ठल' करून ठेवलं होतं. देवाच्या पायाखालची वीट मी त्याच्या नावात घुसवली होती. आणि अमृततात्यासुद्धा अमरीत झाले होते. अजून त्यांची पाळी आलेली नव्हती, एवढंच.

मी अण्णांना फोन लावून रडतच सगळं सांगितलं. मागं बारशाची गाणी ऐकू येत होती.

"बाई, रडू नका. सेव्ह केलं का?"

"केलं."

"बंद केलं?"

"केलं."

ते गाण्यांपासून लांब जाऊन म्हणाले, "मग यू चालणार न्हाय. बॅकअप कधीचा आहे?"

बॅकअप घ्यायचं काम माझ्याकडं होतं. रोज संध्याकाळी पाच मिनिटांचं काम. आठ दिवस मी ते उद्यावर टाकलं होतं आणि त्याच आठ दिवसांत शेकड्यांनी नोंदी बदलल्या होत्या. हे मी त्यांना सांगितलं. ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

"उलटा हुकूम देऊ का अण्णा? ई-ई-टीच्या जागी आय-टी?"

"अजिबात न्हाय! ज्यांचं खरंच ई-ई-टी आहे, त्यांचं काय? सीताबाई, प्रीती? आन् ईट गाव? ऐका. हुकूम हाच उलटा द्या, पण शेवटी एक सी जोडा. मग त्ये प्रत्येक ठिकाणी थांबंल आन् तुम्हाला इचारंल, बदलू का? वाय म्हणजे बदल, एन म्हणजे राहू दे. हेच सांगायचं राहिलं होतं बघा."

"सगळ्या फाईलभर?"

"सगळ्या. दुसरा रस्ता न्हाय. घाई करू नका."

मी मोहितेसाहेबांकडं जाऊन चूक सांगितली. त्यांचा चेहरा लाल झाला, पण बाहेर व्हरांड्यात माणसं वाढायला लागली होती. त्यांनी दारात जाऊन सगळ्यांना सांगितलं, "मशीनची चूक झालीय. संध्याकाळपर्यंत नव्या चिठ्ठ्या मिळतील." मला वाचवायलाच ते बोलले. मी मागं उभी होते. बाहेरची माणसं मशीनला शिव्या द्यायला लागली आणि मी गप्प राहिले.

मग बसले. आधी ईटच्या ओळी घेतल्या, कारण टोळी तिथं थांबलेली. सविता, वाय. अजित, वाय. गावाचं नाव ईट, एन. पुन्हा ईट, एन. सीताबाई, एन. विठ्ठल, वाय. कर्सर एकेका नावावर जाऊन थांबायचा आणि माझी वाट बघायचा. चोवीस वर्षं मी पोरांना वेग शिकवला. मिनिटाला तीस शब्द, चाळीस शब्द. आणि इथं एका अक्षरासाठी मला माणूस आठवावा लागत होता.

गीतावर येऊन मी अडकले. काही गीतांचं मुळातच ई-ई होतं आणि काहींचं मी केलं होतं. पडद्यावर सगळ्या सारख्याच. मग नोंदीचे मूळ कागदी फॉर्म काढायला लागले. सविता खिडकीतून बघत होती. म्हणाली, "बाई, म्या दहावी शिकल्ये. फॉर्म म्या काढून देऊ का?"

मी तिला आत घेतलं. ती गठ्ठ्यातून फॉर्म शोधायची, नाव वाचायची, मी वाय किंवा एन दाबायची. तासाभरानं अजितही दारात येऊन उभा राहिला. बहिणीकडं न बघता मला म्हणाला, "ते गठ्ठे लई जड हायेत. म्या उतरवू का खाली?" मी मान हलवली. तो माळ्यावरून गठ्ठे काढून द्यायचा आणि ती ते सोडायची. एकमेकांशी शब्द नाही. एकदा मात्र ती एका फॉर्मवर थांबली आणि म्हणाली, "ही आपल्या मावशीची नोंद." तो खाली वाकून बघत म्हणाला, "व्हय. सही बघ कशी केलीय, कोंबडीच्या पायावानी." दोघंही हसले आणि हसल्याचं लक्षात आल्यावर आपापल्या गठ्ठ्याकडं वळले.

दुपारचे डबे टेबलावरच खाल्ले. पाळी बदलायचा भोंगा झाला, तेव्हा शेवटची ओळ झाली. मी सेव्ह करण्याआधी फाईलची एक प्रत वेगळी ठेवली. ईटच्या चिठ्ठ्या छापून दोघांच्या हातात दिल्या. शेवटची बस निघून गेली होती. व्हरांड्यात सविता उभी राहिली, अजितनं मोटारसायकलला किक मारली आणि तसाच थांबून राहिला. तीही थांबली. मग तिनं पदर खोचला आणि मागं बसली. पुढं त्यांचं काय झालं, वाटणीचं भांडण मिटलं का, हे मला माहीत नाही. दोघांचा ऊस त्या टोळीनं त्याच दोन दिवसांत तोडला, एवढं मात्र मी स्वतः नोंदलं.

आठ दिवसांनी सविता काकवीची बाटली घेऊन आली. "मशीननं घोळ घातला, पर तुम्ही निस्तारलं," म्हणाली. मी बाटली घेतली. तेव्हाच सांगायला हवं होतं. मी म्हणाले, "अगं, कामच आहे आमचं."

अण्णांनी परत आल्यावर त्या विषयावर एक शब्द काढला नाही. फक्त रोज संध्याकाळी जाताना माझ्या टेबलापाशी थांबून विचारायचे, "बॅकअप?" मी "झाला" म्हटलं की, "हौद," म्हणून जायचे. निवृत्त होईपर्यंत त्यांनी हे एकदाही चुकवलं नाही. पुढं नवं सॉफ्टवेअर आलं, रंगीत, माउसचं, नावंही मराठीत. चांगलं होतं. पण चुकलेली कळ निस्तरायला त्यात चार खिडक्या उघडायला लागायच्या आणि टिंबाला तर काहीच समज नव्हती.

निवृत्तीनंतर गेल्या वर्षी मी परंड्याच्या स्टँडवर कुर्डुवाडीच्या गाडीची वाट बघत होते. शेजारी एक बाई येऊन बसली आणि म्हणाली, "कारखान्यातल्या बाई न्हवं?" सविता. केस बरेच पिकलेले, पण आवाज तोच. दीड एकराचं आता तीन झालं होतं. निम्म्यात ऊस, निम्म्यात लिंबू. तिनं सगळं सांगितलं, पोरीचं लग्न, विहिरीचं पाणी. मी ऐकत होते, पण मनात दुसरंच चाललं होतं. शेवटी म्हणाले, "सविता, त्या वेळी मशीन चुकलं नव्हतं. मी चुकले होते. मीच एका हुकमात सगळ्यांची नावं बिघडवली होती. तुझा ऊस माझ्यामुळं जाणार होता. मी तुला सांगितलं नाही."

तिनं मांडीवरची पिशवी नीट केली. मग हसली.

"ठावं हाय की, बाई. तवाच कळलं हुतं. मशीन चुकलं आसतं तर तुम्ही मशीनवर चिडला आसता. तुम्ही तर दिसभर गुन्हेगारावानी मान खाली घालून बसला हुता."

"मग काकवी कशाला आणलीस?"

"आवं, चुकतंय की मान्सं. तुम्ही उठून गेला न्हाय. एका एका बाईचं नाव धुंडत बसला." तिनं पिशवीतून पाण्याची बाटली काढून माझ्यापुढं धरली. "आमच्या घरात तवर माझं नाव इतक्या येळ कुणी बघितलं न्हवतं."

कुर्डुवाडीची गाडी लागली. मी पाणी प्यायले. गाडी तिचीही तीच होती. आम्ही दोघी चढलो आणि मागच्या बाकावर जागा धरून बसलो.